‘वेदना’ या शब्दाचे काय झाले?

पवनीला एका कविसंमेलनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. देवळांच्या संख्येमुळे लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. संमेलन साधेच होते. सतरंजी, एक माइक, मध्येच जाणारी वीज. सूत्रसंचालकांनी आमच्यासोबत आलेल्या एका तरुण कवीची ओळख करून दिली ती ‘अत्यंत संवेदनशील कवी’ अशी. टाळ्या झाल्या, शाल आणि नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेताना वर्तमानपत्र उघडले. सण जवळ आले होते, म्हणून बंदोबस्ताची बातमी होती. शहरातील ‘संवेदनशील वस्त्यां’ची नावे दिली होती आणि तेथे जादा कुमक ठेवल्याचे म्हटले होते. त्या नावांत आमच्या कवीचा मोहल्ला होता. त्याने बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, ‘‘सर, रात्री संवेदनशील मी होतो, सकाळी माझी गल्ली झाली. मला शाल भेटली, गल्लीला पोलीस.’’

आम्ही हसलो खरे. पण तो शब्द परतीच्या सगळ्या वाटेवर आमच्यासोबत होता.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे वाचकांच्या लक्षात येईल. कवी संवेदनशील असतो म्हणजे त्याला जाणवते. वस्ती संवेदनशील असते म्हणजे तिला काय जाणवते याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. तिच्यापासून इतरांना काय होईल, एवढाच प्रश्न असतो. एकीकडे हा शब्द अंतःकरणाचा गुण सांगतो, दुसरीकडे दारूगोळ्याच्या कोठाराचा. न्यायाने बोलायचे तर पोलिसांची ही भाषा फक्त मुसलमान मोहल्ल्यांपुरती नाही. निवडणुकीत मतदान केंद्रे संवेदनशील ठरतात, आमच्या शेजारचा गडचिरोली जिल्हा कित्येक वर्षे संवेदनशील म्हणून ओळखला गेला. तरीही ज्याच्या घराचा पत्ताच त्या यादीत आहे, त्याला हा शब्द कवितेच्या समीक्षेत भेटला तर तो जरा दचकणारच.

इंग्रजीत ‘सेन्सेशन’ हा शब्द त्वचेला जाणवणाऱ्या स्पर्शापासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत सगळा प्रवास एकट्याने करतो. मराठीने हे काम वाटून दिले आहे. अंगाला जे जाणवते त्यासाठी आपल्या बोलीत केवढी श्रीमंती आहे! पायाला मुंग्या येतात, हाताला झिणझिण्या येतात, अंगावर काटा येतो, शहारा येतो, शिरशिरी भरते. काही बोचते, काही खुपते, काही सलते, डाचते. जखम ठणकते, कंबरेत चमक भरते, पोटात कळ येते, कापल्यावर चुरचुरते. ताप येतो तोही सणसणून. ही सगळी शब्दसंपत्ती आयाबायांच्या तोंडी जिवंत आहे. आमच्या छापील कवितेत मात्र यातले फार थोडे उतरते. तेथे एकच शब्द सगळ्यांचे काम करतो: वेदना.

सार्वजनिक अर्थासाठी मराठीत ‘खळबळ’ आहे आणि हिंदीतून आलेली ‘सनसनी’ व तिच्यावरून झालेले ‘सनसनाटी’ आहे. गंमत अशी की हे शब्दही मुळात अंगाचे आणि घरचेच. सनसनी म्हणजे अंगातून सणसणत जाणारी लहर. खळबळ पाण्याची, भांड्यात थोडे पाणी घालून ते खळबळून ओतून टाकतात, ती ही खळबळ. भांडे क्षणभर गढूळ होते, पाणी फेकले जाते, भांडे पालथे पडते. वर्तमानपत्री खळबळीचे याहून नेमके वर्णन आम्हाला करता आले नसते.

आता पवनीकडे वळू. येथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडीच्या पोटातून इसवीसनापूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेले दगड निघाले. एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग आहे आणि शेजारी त्याचे नाव कोरले आहे: मुचरिंद. पाली ग्रंथांतला मुचलिंद तो हाच. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खुद्द बुद्ध मूर्तीच्या रूपात दाखवलेला नाही. कथा अशी की ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध झाडाखाली बसलेले असताना अवेळी सात दिवसांची झड लागली. तेव्हा या नागाने त्यांच्याभोवती वेटोळे घातले आणि डोक्यावर फणा धरला. कशासाठी? तर त्यांना थंडी लागू नये, ऊन लागू नये, डास, माश्या, वारा आणि सरपटणारे जीव यांचा स्पर्श होऊ नये म्हणून. म्हणजे ही कथा चमत्काराची असली तरी तिचा विषय त्वचा आहे. उघड्या अंगाला काय लागते, हा तिचा विषय आहे.

त्या बौद्ध परंपरेत ‘वेदना’ हा एक पारिभाषिक शब्द आहे आणि त्याचा अर्थ दुःख असा नाही. डोळ्याने, कानाने, त्वचेने, मनाने जे जे जाणवते ते सारे वेदना. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: सुखद, दुःखद आणि जी सुखदही नाही व दुःखदही नाही अशी. गार वाऱ्याची झुळूक ही वेदना आहे. काटा रुतणे ही वेदना आहे. आणि आत्ता हे वाचताना तुमच्या बोटांना जाणवणारा कागद, ज्याच्याकडे आत्तापर्यंत तुमचे लक्षही नव्हते, तीही वेदनाच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन आलेले अनेक जण आता मुसलमान समाजातही भेटतात. त्यांना ठाऊक असेल की सत्यनारायण गोएंका यांच्या हिंदी प्रवचनांत या अर्थासाठी ‘संवेदना’ हा शब्द येतो. ‘वेदना’ म्हटले असते तर ऐकणाऱ्यांना फक्त दुखणेच ऐकू आले असते.

संस्कृतातही हा शब्द ‘विद्’ या धातूपासून आला आहे. विद् म्हणजे जाणणे. विद्या, वेद, विद्वान ही सगळी त्याचीच लेकरे. थोडक्यात, वेदना म्हणजे शरीराने जाणणे. पुढे मराठीत या शब्दाचे दोन तृतीयांश गळून पडले आणि एक दुःखद भाग तेवढा उरला. शब्द असे आक्रसतात. ती भाषेची रीतच आहे आणि त्याबद्दल कोणावर खटला भरता येत नाही. आमची तक्रार पुढची आहे. आक्रसलेला शब्द हातात धरून आपण साहित्य मोजू लागलो, ही ती तक्रार.

दलित साहित्याच्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी रूढ केली. त्या साहित्याच्या संदर्भात ती सार्थ होती. हजारो वर्षे ज्यांचे दुःख दुःख म्हणून मोजलेच गेले नाही त्यांना तो शब्द आधी ठासून मांडणे भाग होते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले आणि आपणही आपल्या लेखनाला एक नाव दिले. लगेचच १९९२ चा डिसेंबर आला, मुंबईच्या दंगली आल्या. त्या काळात लिहिल्या गेलेल्या कवितेला ओरडण्याचा पूर्ण हक्क होता. तो कोणी नाकारू नये. पण त्या दिवसांत हातात घेतलेले माप आम्ही नंतर खाली ठेवलेच नाही. ‘मुस्लिम संवेदना’ हा शब्द आमच्या समीक्षेत आला तो वेदनेचा समानार्थी म्हणून. लेखक मुसलमान असेल तर त्याच्या लेखनात दुखले कोठे, हे शोधायचे. आणि दुखले नसेल तर त्याला ‘सामाजिक भान नाही’ असा शेरा द्यायचा. बाहेरचे वाचक हे करतात तेव्हा आपण चिडतो. आपण स्वतः हे सर्रास करतो.

मलिका अमर शेख यांचेच पाहा. (त्यांना मुस्लिम मराठी साहित्याच्या चौकटीत बसवावे का, यावर वाद होऊ शकतो. चौकट लेखकापेक्षा मोठी झाली की असे वाद होतात.) १९७९ साली त्यांचा ‘वाळूचा प्रियकर’ हा कवितासंग्रह आला. १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन आले आणि मराठी साहित्यात खळबळ उडाली. कारण उघड होते. नामदेव ढसाळ यांच्यासारख्या थोर कवीबरोबरच्या संसाराची ती कहाणी होती आणि ती पत्नीने सांगितली होती. तेव्हापासून या लेखिकेचे नाव निघाले की आत्मकथनाचे नाव निघते. वाचकांना त्यातला तपशील आठवतो, कोणी कोणाला काय केले ते आठवते. त्यांचा ‘देहऋतू’ नावाचा संग्रह आहे हे किती जणांना आठवते? देहाला ऋतू असतात, म्हणजे त्याला फक्त जखमा नसतात, बहरही असतो, पानगळही असते आणि काहीच न घडणारे मधले लांबट दिवसही असतात, असे सुचवणारे हे नाव. बौद्धांच्या तिन्ही वेदना या दोन शब्दांत आहेत. खळबळीने ही कवयित्री प्रसिद्ध केली आणि त्याच खळबळीने तिची कविता झाकली.

हमीद दलवाईंच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन ते सचिवालयावर मोर्चा घेऊन गेले. सात बाया! पण खळबळ अशी उडाली की आजही त्या दिवसाची आठवण काढली जाते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मतांबद्दल आपल्यात दोन तट आहेत, ते राहतील. प्रश्न वेगळा आहे. ‘लाट’ मधल्या कथा आणि १९६५ ची ‘इंधन’ ही कादंबरी या तटांच्या मध्ये कोठे तरी हरवली. दलवाईंच्या बाजूचे ती सुधारकाचे कागदपत्र म्हणून वाचतात. विरोधातले वाचतच नाहीत. ‘इंधन’ चा निवेदक आजारी आहे, विश्रांतीसाठी तो कोकणातल्या आपल्या गावी परततो. आजारी माणसाला गाव कसे जाणवते, बऱ्याच वर्षांनी भेटलेली माणसे कशी बोलतात, कोणाच्या बोलण्यात काय खुपते, हे सगळे त्या कादंबरीत आधी येते आणि गावातली आग नंतर पेटते. आग का पेटली हे समजायचे तर आधीची ती शांत पाने वाचावी लागतात. आपण थेट आगीपाशी जातो. कादंबरीचे नाव ‘आग’ नाही, ‘इंधन’ आहे, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे होते.

वर्तमानपत्रांचे म्हणाल तर खळबळीचाही स्वतःचा एक धर्म असतो आणि तो वेदनेच्या प्रमाणात चालत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. त्या क्रौर्याला मोजमाप नव्हते. पण राज्यभर खळबळ माजायला महिनाभर लागला. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे मोठ्या वर्तमानपत्रांना ते जाणवले. त्याच महिन्यात, ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. तेथे मात्र खळबळ क्षणात झाली, आणि मरणारे मुसलमान असूनही थोड्याच दिवसांत ती खळबळ मुसलमान तरुणांच्या अटकेची झाली. नऊ जण पकडले गेले. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण या जगात नव्हता. अटकेच्या दिवशीचे कात्रण आणि दोषमुक्तीच्या दिवशीचे कात्रण ज्यांनी जपून ठेवले असेल त्यांनी ती दोन्ही शेजारी ठेवून मथळ्यांची अक्षरे मोजावीत. पहिल्या दिवशी वाचकाला सनसनी हवी होती. दुसऱ्या दिवशी त्याला जे वाटायला हवे होते त्यासाठी संवेदना लागते.

आणि जेथे खळबळ अजिबात होत नाही अशाही वेदना असतात. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाचे पाणी खळबळत नाही. ते वीतवीतभर चढते. बुडीत क्षेत्रातल्या माणसाने आपले घर, गोठा, कबर किंवा समाधी पाण्याखाली जाताना कित्येक दिवस पाहिलेली असते. याची बातमी होत नाही, कारण बातमीला एक तारीख लागते.

आमच्या घरातल्या भाषेकडे यावे. अरबीतल्या ‘हिस’ या शब्दाच्या घराण्यातून आपल्याकडे एहसास आला, महसूस आला, होशहवासमधला हवास आला. पाच इंद्रियांना हवास-ए-खमसा म्हणतात हे मदरशात शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. या शब्दांत सुखदुःखाचा पक्षपात नाही. खुशीचाही एहसास होतो आणि गमाचाही. फारसीतला ‘दर्द’ मराठीत आला तो तर मोठे नवल करून. दर्द म्हणजे दुखणे. पण मराठीत गाण्याचा ‘दर्दी’ म्हणजे दुखणाईत नव्हे, ज्याला गाण्यातली बारीक जागा कळते तो रसिक. दुखण्याच्या शब्दाला मराठी माणसाने आनंदाची जाण दिली. आणि ‘शायर’? अरबीत त्याच्या धातूचा अर्थ जाणवणे, उमगणे असा आहे. शऊर हा शब्दही त्याच कुळातला. ज्याला जाणवते तो शायर. तोच महाराष्ट्रात आला आणि शाहीर झाला, पोवाडा गाऊ लागला; अमर शेखांपर्यंत त्याची परंपरा आली. म्हणजे ‘संवेदनशील शायर’ ही ओळखच द्विरुक्ती आहे. पवनीच्या सूत्रसंचालकांना हे तेव्हा सुचले असते तर आम्ही सांगितले असते.

तेव्हा विद् आणि ही अरबी धातू, एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन भाषांत, एकच गोष्ट सांगतात: जाणवणे ही जाणण्याची पहिली पायरी आहे. या दोन्ही भाषांचा वारसा ज्याच्या घरात आहे त्या मराठी मुसलमान लेखकाने जाणवण्याचा अर्थ फक्त दुखणे एवढाच घ्यावा, हे आम्हाला करंटेपणाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, दुखत असताना माणसाने दुसरे काय लिहावे? प्रश्न खोटा नाही. पण विदर्भाला एक रोग चांगला परिचयाचा आहे. कुष्ठरोगाच्या तपासणीत कार्यकर्ता रुग्णाला डोळे मिटायला सांगतो आणि कापसाच्या बोळ्याने किंवा पेनच्या टोकाने अंगावरच्या चट्ट्याला हलके शिवतो. कोठे शिवले ते रुग्णाने बोट ठेवून दाखवायचे. जेथे त्याला सांगता येत नाही तेथे रोग आहे. तो बधिर चट्टा दुखत नाही, हेच त्यातले भय. गरम तव्याला हात लागतो आणि कळत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्यांना जवळ केले त्यांतल्या कित्येकांची बोटे अशी न दुखता गेली होती. साहित्यालाही असे चट्टे पडत असतील का? ज्या साहित्याला एकाच जागी जाणवते, तेथे तपासणाऱ्याने उरलेल्या अंगाला कापूस लावून पाहायला हवा. चीड येते, पण ईदच्या सकाळी नव्या कापडाचा वास येत नाही. अपमान जाणवतो, पण बहिणीच्या हातावरच्या ओल्या मेंदीचा गारवा जाणवत नाही. हे लक्षण बरे नव्हे.

हे लिहिताना आमचा स्वतःचा एक गुन्हा कबूल करणे भाग आहे. वर ज्या तरुण कवीचा उल्लेख केला, त्याने काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कविता पाठवली होती. थंडीच्या दिवसांत फजरच्या वेळी पितळी लोट्यातल्या पाण्याने वजू करणे, एवढाच तिचा विषय. पितळेचा गारठा तळहाताला कसा चिकटतो, कोपरापर्यंत पाणी जाताना अंग कसे आक्रसते, आणि चेहऱ्यावर पाणी पडल्यावर काही क्षण थंडही वाटत नाही आणि उबदारही नाही, असे काहीसे त्यात होते. आम्ही ती परत पाठवली. सोबतच्या पोस्टकार्डावर लिहिले होते: ‘कविता चांगली आहे, परंतु तीत समाजाची वेदना नाही.’

पवनीहून परतताना बसमध्ये आम्ही त्याला त्या कवितेबद्दल विचारले. ती त्याला पाठ होती, पण त्याने म्हणून दाखवली नाही. दंगलीवरची एक नवी कविता मात्र ऐकवली. ती त्याने रात्रीच्या संमेलनातही वाचली होती आणि तिलाच टाळ्या पडल्या होत्या. उमरेड येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. जुनी कविता पुन्हा पाठव, असे आम्ही त्याला सांगितले आहे. अजून आलेली नाही.